पाऊल अडतं तेव्हा

मोबाइल घरीच ठेवा, पायताण दाराशी काढा आणि अंगातली चपळाईही थोडा वेळ इथेच सोडून द्या. आपण निघालोय १९६६च्या सणसरला. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की काटेवाडी, मग भवानीनगर, मग सणसर. तिथे तुम्ही पाहुणे म्हणून जाणार नाही. साठी गाठलेल्या एका बागायतदाराचं अंगच तुम्हाला मिळणार आहे. घरात त्यांना आबा म्हणतात. आता आबा तुम्हीच. डोळे मिटा. उघडा.

अंधार आहे. पाठीखाली वाकळ, अंगावर घोंगडं. कोंबडा आरवतो. गोठ्यात बैल मान हलवतो आणि घुंगरं वाजतात. रात्रभर एकाच अंगावर पडून खांदा ठणकतोय, तेव्हा आधी कूस बदला. बदला की! नाही जमत? मनाने तर तुम्ही केव्हाच वळलात. खांदा, कंबर, गुडघा मात्र जागचे हललेले नाहीत. घोंगडं बाजूला सारायचं म्हटलं तर त्याचंच ओझं झालंय.

"अवं, उठताय न्हवं? च्या निवला."

"उठतो," असं तुम्ही चांगलं मोठ्याने म्हणता. निदान तुम्हाला तसं वाटतं.

"काय पुटपुटताय? नीट बोला की."

शेवटी थोरला पोरगा येतो, काखेत हात घालतो आणि तुम्हाला बसतं करतो. पाठ ओली आहे. थंडीच्या दिवसांत, पहाटेच्या गारठ्यात, नुसतं उठून बसायला तुम्हाला घाम फुटलाय.

बंडीची बटणं लावा. चारच आहेत. पहिलं काज सापडतं, बटण सापडतं, दोघांची गाठ पडत नाही. बाहेर गाडी जुंपल्याचा आवाज येतो, पोरगं ओरडतं, बैल निघतात आणि तुम्ही अजून दुसऱ्या बटणावर. मग कारभारीण काही न बोलता पुढे येते आणि लावून टाकते. तिच्या बोटांना मिसरीचा वास असणार. असणार एवढंच म्हणता येतं, कारण तुम्हाला तो येत नाही.

आता चहा. उजवा हात मांडीवर आहे आणि अंगठा तर्जनीवर फिरतोय, एका लयीत, सेकंदाला चार-पाच वेळा. शेजारीण म्हणते, "आबांचा हात सदानकदा माळ ओढतोय, पुण्यवान माणूस." बशीला हात घाला. गंमत बघा, हात पुढे जाताच थरथर थांबते! तुम्हाला हुरूप येतो. बशी ओठांपाशी येते, क्षणभर स्थिर राहते आणि थरथर परत सुरू होते. गरम चहा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. सुनेने पाहिलं आणि मान वळवली. या वळलेल्या माना दिवसभर मोजत बसू नका, आपल्याला पुढे जायचंय.

गुऱ्हाळावर चला. इंजिन फटफटतंय, चरकात ऊस कडाकड मोडतोय, रसाचा पाट घागरीत पडतोय. चुलवाणात चिपाडं कोंबली की जाळ बाहेर झेपावतो आणि नडग्यांना चटका बसतो. काहिलीत रस रटरटतोय. गुळव्या झाऱ्याने मळी काढतो, कपाळ पुसतो, पुन्हा वाकतो. गांधीलमाश्या घोंघावतायत. रस्त्याने जाणारा माणूस थांबतो, छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "काय घमघमाट सुटलाय!" तुम्हीही श्वास घ्या. खोल घ्या. काही आलं? ऊब येते, वाफ येते, डोळ्यांत धूर येतो. गुळाचा वास येत नाही. आजच्या काळातला मेंदूविकारतज्ज्ञ हा प्रश्न आवर्जून विचारतो, कारण पुष्कळ रुग्णांचं नाक हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधीच गेलेलं असतं. १९६६च्या सणसरला हे कोण सांगणार? पडसं समजून ओव्याची पुरचुंडी हुंगत तुम्ही ती वर्षं काढलीत.

दुपारी भवानीनगरला, छत्रपती कारखान्यात. उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या नाकातोंडाची वाफ, वाढ्यांचा खच, गाडीवानांच्या शिव्या. तुम्हाला उसाचं बिल घ्यायचंय. सातवीपर्यंत शिकलात, सहीचा अभिमान आहे. टाक हातात घ्या. पहिलं अक्षर ठसठशीत उमटतं. दुसरं त्याहून लहान. आडनावापर्यंत जाईतो अक्षरं मोहरीएवढी होतात आणि ओळ वर सरकते. कारकून कागद उजेडात धरतो.

"आबा, सही जुळत नाही. अंगठा द्या."

मागे रांगेत भावकीतली माणसं आहेत. शाईची पेटी पुढे येते. अंगठा द्या, आबा. द्यावाच लागेल.

बाजाराच्या दिवशी बारामती गाठा. मिरच्यांचे ढीग, तागड्यांचा खणखणाट, कुणी भाव पुकारतंय, कुणी घासाघीस करतंय, शेळ्या बेंबाटतायत. उन्हाने टाळू तापलीय. दोन पालांमधली ती चिंचोळी वाट दिसतेय? तिथून पलीकडे जायचंय. जाता जाता तिच्या तोंडाशी पाय थांबतात. तळवे जमिनीला चिकटतात. धड पुढे झुकतं, पाय मागेच. मागून पाटी घेतलेली बाई आपटते, कुणी खेकसतं, "सरका की! सकाळच्यालाच पिऊन आलाय जणू." तुम्ही उभ्या जन्मात दारूला शिवला नाहीत. सांगायला तोंड उघडता आणि आवाज बाजाराच्या कोलाहलात विरून जातो. चेहऱ्यावर राग दिसावा, तर चेहराही हलत नाही.

कुणी म्हणतं वात भरलाय, कुणी म्हणतं कुणीतरी काही केलंय. वैद्यबुवा नाडी बघतात आणि कंपवात म्हणतात, म्हणजे आजच्या भाषेत पार्किन्सन्स. खाजकुहिलीचं बी, म्हणजे कवचबीज, दुधात शिजवून घ्यायला सांगतात. हसू नका, बुवा योग्य वाटेवर आहेत. याच बियांतून १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी लेवोडोपा वेगळा काढला होता. मेंदूत गेल्यावर त्याचंच डोपामिन होतं, आणि तुमच्या मेंदूत नेमकं तेच आटत चाललंय. पण वैद्यबुवांच्या चिमूटभर चूर्णात ते किती उतरेल याचा नेम नाही. चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच.

आषाढी जवळ आली. पाऊस हूल देतोय. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून निघते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढरं पालखीभोवती धावतात आणि रात्री सोहळा तुमच्याच सणसरला उतरतो. गाव माणसांनी फुगलंय. चुली, कंदील, भजनं, पाण्याला रांगा. दुसऱ्या दिवशी बेलवाडीला रिंगण. पोरगा तुम्हाला बैलगाडीतून नेतो. झेंडेकरी धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतो. टापांची माती कपाळाला लावायला गर्दी लोटते, तुम्हाला कुणीतरी गाडीतून खाली घेतं, आणि नेमकं तिथेच, उघड्या मैदानात, पाय अडतात. पोरगा ओढतोय, पाय येत नाहीत. रेटारेटी वाढतेय. पडलात तर तुडवले जाल.

तेवढ्यात एक दिंडी अगदी खेटून येते. पखवाजाची थाप छातीत बसते. शंभर टाळ एकदम वाजतात. ज्ञानबा-तुकाराम, ज्ञानबा-तुकाराम. आणि पाय उचलला जातो. आबा, पाय उचलला गेला! थापेला एक, थापेला दुसरा. वारकऱ्यांच्या ओळीत तुम्ही चाललात, हात हलतोय, मान ताठ आहे. पोरगा बघत राहतो. बाया पांडुरंगाला हात जोडतात.

काय झालं? नीरेच्या डाव्या कालव्यावर फाट्याचं दार गंजून बसलं की वर पाणी तुडुंब असूनही रान कोरडं राहतं. शेजारच्या चारीने पाणी फिरवलं की तेच रान भिजतं. आपोआप चालण्याचा हुकूम मेंदूतल्या ज्या वाटेने जातो ती वाट तुंबलीय. कानातून आलेला ठेका दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोचला. आज जगभर कंपवाताच्या रुग्णांना ठेक्यावर चालायला शिकवतात, ते याच कारणाने. दिंडी पुढे जाते, टाळ लांब जातात आणि तुमचे पाय पुन्हा थांबतात. पण एक गोष्ट आता तुम्हाला तुमच्याच अंगावरून कळलीय. चालणारा माणूस आत शाबूत आहे.

आबांना इथे सोडावं लागेल. जड जातंय, तरी चला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत डॉ. जॉर्ज कॉटझियास लेवोडोपाचे मोठे डोस देऊन खिळलेल्या माणसांना उभं करतील. सणसरला ती गोळी पोचायला मात्र अजून बराच अवकाश आहे.

डोळे मिटा. उघडा. साल २००१, इंदापूर शहर. आता तुम्ही हायस्कूलचे गुरुजी आहात, वय पंचावन्न. आबांशी तुमचं काही नातं नाही, कारण हा आजार बहुतेकांना घराण्यातून मिळत नाही. निदान होऊन नऊ वर्षं झालीत. उशाशी गोळ्यांची डबी आणि गजराचं घड्याळ. सकाळची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासाने अंग मोकळं होऊ लागतं. पावलं सुटतात, फळ्यावर अक्षर टपोरं येतं, पोरांना विनोदही सुचतो. पहिली काही वर्षं तर तुम्ही आजार विसरलाच होतात. आता ती गोळी दोन तासांत उतरते. वर्गात चालता चालता पाय थांबतात आणि खडू धरलेला हात फळ्यावरच राहतो. डोस वाढवला तर दुसरंच सुरू होतं. मान डुलते, खांदा झुलतो, पाय वळवळतात. बायको म्हणते, "अहो, एक तर दगड होता नाहीतर वारं संचारल्यागत करता. मधलं काही उरलंच नाही." जेवणात डाळ, दूध जास्त झालं तर गोळी लागूच पडत नाही, कारण प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच दारातून आत शिरतात. पुरणपोळीच्या दिवशी तुम्ही खुर्चीत खिळून बसता.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गुरुजी, गोळी अजून चालतेय, म्हणूनच शस्त्रक्रियेचा विचार आत्ता करू." मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केलंय. मेंदूत खोलवर तार घालून वीज द्यायची, डीप ब्रेन स्टिम्युलेशन. घरात रडारड झाली. शेत विकायचं का, यावर दोन रात्री गेल्या. खर्च लाखांत आहे.

भिगवण स्टेशनवर मुंबईची गाडी पकडा. फलाटाबाहेर उजनीची चिलापी तळतायत, तेल चरचरतंय, लोक बोटं चाटतायत. नाकाला काहीच कळत नाही. तेही आबांसारखंच.

शस्त्रक्रियेची सकाळ. रात्रीपासून एकही गोळी नाही, त्यामुळे तुम्ही पुरते खिळलेले आहात आणि हात गादीवर धडधडतोय. डोकं तासलंय. कपाळावर दोन, मागे दोन टोचण्या. कातडी बधिर झाली की धातूची चौकट चार स्क्रूंनी कवटीवर घट्ट बसते. दुखत नाही, पण डोक्याचं वजन दुप्पट होतं. त्या चौकटीसकट स्कॅन. मग संगणकावर हिशेब: कवटीतलं एक ठिकाण, लांबीला जेमतेम सेंटिमीटर, नाव सबथॅलॅमिक न्यूक्लियस. चूक चालेल ती फक्त मिलिमीटरभर.

आणि तुम्ही जागे आहात. झोपवलेल्या माणसाचा कंप थांबला की नाही, हे कळायचं कसं? खोली गार आहे, हिरव्या कापडाच्या आड माणसं हलतायत. ड्रिल सुरू होतं. तो आवाज कानांनी ऐकूच येत नाही, दाताच्या मुळांतून येतो. जबडा थरथरतो. मग एकदम शांत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून तार आत सरकताना तुम्हाला काहीच जाणवत नाही. ऐकू मात्र येतं. तारेच्या टोकाशी असलेल्या पेशींची वीज स्पीकरला जोडलीय. खर्र. शांतता. पुन्हा खर्र. तार आणखी थोडी आत, आणि अचानक दाट, अखंड तडतड. खोलीतली माणसं सावध होतात. ठिकाण सापडलंय. हा तुमचाच मेंदू बोलतोय, गुरुजी. डोपामिन आटल्यावर याच केंद्राने गोंगाट मांडला आणि तुमचे पाय धरून ठेवले.

"वीज सुरू करतो. पाढे येतात ना? एकोणतीसचा म्हणा."

एकोणतीस एके एकोणतीस. आवाज खोल जातोय. एक डॉक्टर तुमचं मनगट फिरवतायत, ते दातेरी चाकासारखं अडत अडत फिरतंय. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मनगट सैल पडतं. सत्त्याऐंशी. गादीवरची धडधड मंदावते. एकशे सोळा. हात थांबला.

हात थांबला, गुरुजी. तो तुमच्या मांडीशेजारी पडलाय, स्वस्थ, ओळखीचा. मूठ उघडा. मिटा. पुन्हा. पटापट जमतंय! पाढा विसरलात आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात शिरतंय, कारण चौकटीमुळे मान वळवता येत नाही. वीज आणखी वाढवली तर जीभ जड होते, गालाला मुंग्या येतात. डॉक्टर ते विचारतात, टिपून घेतात, वीज उतरवतात. मग दुसरी बाजू. शेवटी भूल देऊन गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरीची डबी बसते आणि तिची तार कानामागून कातडीखालून वर जाते.

ही कल्पना निघाली कुठून, तेही तिथेच पडल्या पडल्या ऐका. पूर्वी कंप थांबवायला मेंदूतला एक बिंदू जाळत असत. मद्रासला डॉ. बी. राममूर्तींच्या पथकाने अशा शस्त्रक्रिया केल्या होत्या. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे विजेने चाचपून बघत. १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलला अलिम-लुई बेनाबिद यांनी ओळखलं की सेकंदाला शंभराहून जास्त ठोके दिले की नुसत्या विजेनेच कंप थांबतो. मग जाळायचं कशाला? तार आतच ठेवायची. जाळलेलं परत येत नाही, वीज मात्र कमी-जास्त करता येते, बंदही करता येते. तुमच्या डोक्यात आता सेकंदाला सुमारे १३० ठोके पडणार आहेत. बेलवाडीला आबांना ठेका बाहेरून मिळाला होता आणि दिंडीबरोबर निघून गेला. तुमचा ठेका तुमच्याजवळ राहील.

काही आठवड्यांनी यंत्र जुळवून झालं की तुम्ही इंदापूरच्या घरात पहाटे एकट्याने कूस बदलता. गोळ्या निम्म्यावर येतात. सदऱ्याची बटणं तुम्ही स्वतः लावता आणि बायको दारात उभी राहून शेवटच्या बटणापर्यंत बघते. नाक अजून मुकंच आहे, आणि आवाजाची ताकदही फारशी परतलेली नाही. आजार आत हळूहळू पुढे सरकतोच. ही शस्त्रक्रिया त्याला थांबवत नाही. तोल, गिळणं, विस्मरण यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके कमी असले तरी खरे आहेत. काहींचं मन नंतर उदास होतं, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. हे सगळं धरूनही, रोज मिळालेले ते मोकळे तास गुरुजींना विचारा.

आता स्वतःच्या अंगात परत या. हात झटका, बोटं मोडून बघा, कुशीवर वळा. किती सहज जमलं!

आणि आता आपल्या आळीत बघा. चालताना ज्याचा एक हात हलत नाही, ज्याची सही लहान होत चाललीय, भाजी करपली तरी ज्याला वास येत नाही, ज्याला घरचे हट्टी किंवा आळशी म्हणतात, असा कुणी आहे? त्याला अंगठा द्यायला लावू नका. वेळ द्या, मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या, गोळ्या घड्याळ लावून द्या. उंबऱ्यात पाय अडला तर ओढू नका, टाळी वाजवून एक-दोन, एक-दोन म्हणा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे हे सोसलेली माणसं भेटतात. आता ही शस्त्रक्रियाही पुण्यात होते. ती प्रत्येकासाठी नसते. गोळीला साथ देणाऱ्या, बुद्धी शाबूत असलेल्या, पण गोळीच्या चढउताराने जेरीस आलेल्या माणसाला तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो, आणि ती संधी काही वर्षंच टिकते. "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणत ती वर्षं घालवू नका. आबांना दुसरी वाट नव्हती. तुमच्या माणसाला आहे.